कापडी कुंड्या मुंबईच्या हवेत टिकतात का? घ्याव्यात की नको?

गोरेगावची_पारिजात | १९ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा माझा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आमचं घर सातव्या मजल्यावर. पश्चिमेला बॉक्स ग्रील, दुपारी एकपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन. शिवाय यंदा सोसायटीने गच्चीवरचा टाकीमागचा कोपरा झाडांसाठी वापरायला दिलाय. अटी दोन: सिमेंटच्या कुंड्या चालणार नाहीत, आणि खालच्या घरात गळती झाली तर खर्च आमचा. म्हणून कापडी कुंड्यांचा विचार सुरू आहे. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण सगळे थंड देशांतले. तिथे ना आपला ऑक्टोबर, ना आपला जुलै.

मिरची, कढीपत्ता, मोगरा, थोडी हळद आणि जमलंच तर टोमॅटो लावायचेत. सासूबाईंचं मत असं की फडक्यात पनीर बांधतात, झाड नाही. पाऊस तोंडावर आलाय, तेव्हा आत्ता घ्याव्यात की दिवाळीपर्यंत थांबावं?

अण्णा_लालबाग | १९ मे, रात्री १०:३१

बिनधास्त घ्या. झाड गेलं की माती काढायची, झटकायची, घडी घालून माळ्यावर. मातीच्या कुंडीची घडी होते का?

कसारा_लोकल | १९ मे, रात्री १०:४०

नका घेऊ. मे महिन्यात एक पाणी चुकलं की संध्याकाळी मिरचीने मान टाकलेली असते. इमारतीत रंगकाम निघालं की रंगाचे वीस लिटरचे डबे गोळा करा, घासून धुवा, तळाला आणि बुडाजवळ कडेला भोकं पाडा. फुकट आणि दणकट. कडी पण येते उचलायला.

मुळाक्षर | २० मे, सकाळी ७:०५

आधी कशाबद्दल बोलतोय ते ठरवू या, नाहीतर अण्णा आणि कसारा दोघंही बरोबर निघतील. ग्रो बॅग या नावाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या वस्तू विकतात.

पहिली बाहेरून हिरवी, आतून काळी, विणलेल्या एचडीपीई प्लास्टिकची, ताडपत्रीच्याच जातीची. तिच्या कडेतून ना हवा जाते ना पाणी झिरपतं. बुडाजवळ रिंगा ठोकलेली भोकं असतात, निचरा तेवढाच. म्हणजे ही घडी होणारी प्लास्टिकची कुंडीच. वाईट मुळीच नाही, पण कापडी कुंडीचे म्हणून जे गुण सांगतात त्यांतला एकही तिच्यात नाही.

दुसरी फेल्टची. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू न विणता, सुयांनी टोचून एकमेकांत गुंतवलेलं जाड कापड. रस्त्यांच्या भरावाखाली जे जिओटेक्स्टाइल अंथरतात तेच घराणं. हिच्या चारही बाजूंनी हवा खेळते आणि पाणी पाझरतं. सगळे फायदे त्यातूनच आणि सगळ्या तक्रारीही त्यातूनच.

मुळांचं म्हणाल तर, कडक भिंतीच्या कुंडीत मूळ भिंतीपर्यंत गेलं की वळतं आणि कडेकडेने गोल फिरत राहतं. दोन-तीन वर्षांनी झाड काढलं तर मातीऐवजी मुळांचं वेटोळंच हातात येतं. फेल्टमध्ये मुळाचं टोक कडेच्या हवेशी पोचतं, तिथे सुकतं आणि वाढायचं थांबतं. मग मागच्या भागातून बारीक फाटे फुटतात. मुळांची आपोआप छाटणीच म्हणा. अमेरिकेत १९८०च्या दशकात रोपवाटिकावाले झाडं कापडी पिशवीत घालून पिशवीसकट जमिनीत पुरायचे, नंतर खणून काढताना मुळांचा गड्डा आटोपशीर निघावा म्हणून. बाल्कनीतली पिशवी ही त्याच कल्पनेची पुढची पायरी.

हा फायदा कुणाला? वर्षानुवर्षं एकाच कुंडीत राहणाऱ्याला: लिंबू, कढीपत्ता, जास्वंद. मेथीला काय त्याचं, महिन्याभरात ती कढईत.

ग्रीलमधलं_रान | २० मे, दुपारी १:२०

पारिजातताई, माझीही पश्चिमेचीच ग्रील, बोरिवलीला. फेल्टच्या पिशव्या वापरतेय, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

पावसाळा आणि थंडी आनंदात जाते. मार्चपासून मात्र नाकी नऊ. सकाळी पाणी घातलेली छोटी पिशवी चार वाजता उचलून पाहा, कागदाइतकी हलकी लागते. आणि ऑक्टोबरात पुन्हा तेच. माणूस दिवसभर घराबाहेर असेल तर ग्रीलमधल्या फेल्टला ठिबक लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा खडखडीत सुकलं की ते पाणी धरायचं सोडा, झिडकारतं. आपण तांब्याभर ओततो, ते पिशवीच्या कडेकडेने सरळ खाली येतं, आणि ट्रे भरला म्हणून आपण खूश. आत मधला गोळा ठणठणीत कोरडाच. अशा वेळी वरून ओतण्यात अर्थ नाही. पिशवी अर्ध्या बादली पाण्यात बुडेपर्यंत ठेवायची, बुडबुडे थांबले की काढायची.

मुळाक्षर | २० मे, रात्री ९:१५

रान यांनी "छोटी पिशवी" म्हटलं, गोम तिथेच आहे. थोडा हिशोब मांडतो, कंटाळा आला तर पुढची प्रतिक्रिया वाचा.

जितकी रुंद तितकीच उंच पिशवी घेतली तर कडेच्या कापडाचं क्षेत्रफळ वरच्या तोंडाच्या बरोबर चौपट येतं. म्हणजे प्लास्टिकच्या कुंडीत फक्त वरून जी वाफ जाते, ती इथे पाचपट जागेतून जायला मोकळी. त्यामुळेच उन्हात फेल्टमधली माती थंड राहते, काळ्या प्लास्टिकमध्ये मुळं शिजतात तशी इथे शिजत नाहीत. पण त्या थंडाव्याचं बिल पाण्यात भरावं लागतं.

आता आकार बघा. ९ बाय ९ इंचाच्या पिशवीत साधारण साडेनऊ लिटर माती बसते, १२ बाय १२ मध्ये २२ लिटर, १८ बाय १८ मध्ये ७५. म्हणजे १८ इंची एका पिशवीची माती ९ इंचीच्या आठ पिशव्यांत वाटली जाईल, पण त्या आठांची कडेची उघडी बाजू मोठीच्या दुप्पट. माती तितकीच, वाळण्याचा वेग दुप्पट. म्हणून कडक उन्हाच्या जागी ९ इंची फेल्ट घेऊच नये असं माझं स्पष्ट मत. एका मोठ्या पिशवीत तीन मिरच्या गुण्यागोविंदाने राहतात.

छोट्याच घ्यायच्या असतील तर एकमेकींना चिकटवून ठेवा, आणि सगळ्यांत बाहेरच्या रांगेला पश्चिमेकडून पुठ्ठा किंवा जुनी चटई लावा. वरून सुक्या पानांचं आच्छादन. मातीत छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवलं तर तेही हळूहळू पाझरत राहतं.

पहिल्या_मजल्यावरून | २१ मे, सकाळी ८:५०

बागकामातलं मला शून्य कळतं. मी फक्त पहिल्या मजल्यावर राहते आणि माझ्या डोक्यावर बागप्रेमी राहतात.

तुम्ही जे "पाझरतं" म्हणता ना, ते माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पाझरतं. चहाच्या रंगाचं. कोकोपीटचा डाग निघत नाही, लिंबू लावा नाहीतर ब्लीच. वरती सांगायला गेलं तर उत्तर मिळतं, "अहो, सेंद्रिय आहे." सेंद्रिय असलं म्हणून काय चादर पांढरी होणार?

ग्रीलमध्ये पिशवी ठेवणार असाल तर खालच्या बाईंना आधी विचारा एवढंच.

गोरेगावची_पारिजात | २१ मे, सकाळी ९:३०

हा हा, सहाव्या मजल्यावरच्या काकू हे वाचत नसाव्यात अशी आशा.

पहिल्या मजल्यावरच्या ताई, मुद्दा एकदम पटला. ट्रे ठेवले तर भागेल ना?

ग्रीलमधलं_रान | २१ मे, दुपारी १२:४५

ट्रे हवाच, पण बुडाच्या मापाचा नको. फेल्ट कडेनेही गळतं, म्हणून पिशवीपेक्षा चार बोटं रुंद. आमच्याकडे मी सरळ प्लास्टिकची घमेली वापरते. नवीन कोकोपीट आधी बादलीत दोन-तीन पाण्यांतून काढलं तर तो चहाचा रंग पुष्कळ कमी होतो, आणि त्यातला खारही जातो.

उन्हाळ्यात घमेल्यात बोटभर पाणी राहिलं तरी हरकत नाही, फेल्ट ते वर ओढून घेतं. पावसाळ्यात मात्र पिशवी विटेच्या तुकड्यांवर चढवायची, नाहीतर बूड सतत ओलं राहून मुळं कुजतात.

आठवड्याचा_कोरडा_दिवस | २१ मे, दुपारी ३:१०

बोटभर पाण्याला हरकत आहे! डेंग्यूच्या डासाला बोटभरच लागतं. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आपल्या हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळे ट्रे आणि घमेली ओतून, घासून, कोरडी करायची. नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. पालिकेची माणसं तपासणीला येतात तेव्हा कुंडीखालच्या ताटल्याच आधी उचलून बघतात, आणि अळ्या सापडल्या तर नोटीस मिळते.

निवृत्त_सिव्हिल | २१ मे, रात्री ८:००

गच्चीच्या वजनाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

सोसायट्या सिमेंटच्या कुंड्यांना नाही म्हणतात आणि पिशव्यांना हो म्हणतात, जणू काही वजन कुंडीचंच असतं. वजन असतं मातीचं आणि पाण्याचं. भिजलेली साधी माती लिटरला दीड किलोच्या आसपास धरा. म्हणजे १२ इंची पिशवी झाली ३० किलोच्या वर. एका चौरस मीटरमध्ये अशा नऊ पिशव्या खेटून बसतात: जवळपास ३०० किलो. भारतीय मानक ८७५, भाग २ प्रमाणे माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी वापराचा भार धरतात तो चौरस मीटरला १५० किलो. मुळाक्षर यांची ७५ लिटरची लाडकी पिशवी साध्या मातीने भरली तर ती एकटीच शंभर किलोच्या पुढे जाते, तीही पाऊण फूट त्रिज्येच्या जागेत.

घाबरवण्यासाठी सांगत नाही. उपाय सोपे आहेत. एक, मिश्रण हलकं करा: कोकोपीट, गांडूळखत, सुका पाला जास्त, तांबडी माती चवीपुरती. भिजल्यावरही लिटरला किलोच्या आत राहतं. दोन, पिशव्या गच्चीच्या मध्यावर कधीच नकोत. कठड्याच्या कडेने, खाली तुळई किंवा भिंत आहे तिथे, एका रांगेत. तीन, दोन पिशव्यांमध्ये अंतर. इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सोसायटीकडे असायलाच हवा, तो मागून घ्या आणि गच्चीच्या स्लॅबबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

पिशवीच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. ड्रमचं भोक पावसात बुजलं तर आत पाणी साठून वजन वाढत जातं आणि कोणाला कळतही नाही. फेल्टचं भोक बुजायला भोकच नसतं.

गळतीचं: पिशवी थेट लादीवर किंवा चायना मोझॅइकवर ठेवू नका. खाली प्लास्टिकची जाळी किंवा विटा, हवा खेळली पाहिजे. मूळ कापडातून खाली उतरून लादीच्या सांध्यात शिरलं की तुमची दुसरी अट लागू होते.

कसारा_लोकल | २१ मे, रात्री ८:२२

म्हणजे काका, माझा रंगाचा डबा पण तितकाच जड. वाटलं होतं तुम्ही माझ्या बाजूने आहात.

निवृत्त_सिव्हिल | २१ मे, रात्री ८:३०

मी स्लॅबच्या बाजूने आहे.

वर्सोवा_वारा | २२ मे, सकाळी ११:१५

घेताना काय बघायचं ते लिहितो, कारण ऑनलाइन मागवलेल्या पिशव्यांत मी दोन्ही टोकं पाहिली आहेत. एक विक्रेता असा भेटला की पिशवी वर्षभरात हाताने कुस्करली तर भुगा व्हायची. दुसऱ्याकडची अजून ठणठणीत.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. बाजारात २०० पासून ४०० पर्यंत मिळतं. लेबलवर कोणीही काहीही छापतं, पण पडताळणं सोपं आहे. १२ बाय १२ च्या पिशवीला कड आणि बूड धरून साधारण ०.३६ चौरस मीटर कापड लागतं. म्हणजे ३०० जीएसएमची पिशवी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ११० ग्रॅमच्या आसपास किंवा कडीमुळे थोडी जास्तच भरली पाहिजे. ७०-७५ भरली तर ती २०० ची आहे, लेबल काहीही म्हणो. आमच्याकडे ३०० च्या खालची उन्हात फार काळ उभी राहत नाही.

मग शिवण. बुडाची शिवण दुहेरी हवी आणि दोरा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा. सुती दोरा पहिल्याच पावसाळ्यात कुजतो आणि बूड उसवतं. कड्या वरच्या काठाला नुसत्या टाचलेल्या असतील तर भरलेली पिशवी त्यांनी उचलू नका. एकूणच भरलेली पिशवी सारखी हलवू नये, ती वाकते-चेपते आणि आतली बारीक मुळं तुटतात.

यूव्ही प्रक्रिया नसलेलं पॉलिप्रॉपिलीन उन्हाने ठिसूळ होतं. काठ आधी जातो, कारण तिथे मातीचा ओलावा नसतो. काठ बाहेर दुमडून ठेवला तर पिशवी ताठही राहते. भुगा पडायला लागला की ती फेकायची वेळ झाली, तो भुगा प्लास्टिकचाच आहे आणि आपल्याच पालकात मिसळतोय.

चिपाडवाला | २२ मे, दुपारी ४:४०

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पर्यावरणासाठी म्हणून फेल्टची पिशवी घेणाऱ्यांनी ते दोनदा वाचावं. ज्यूटचं गोणपाट हा खरा कुजणारा पर्याय, पण मुंबईच्या पावसात ते एका मोसमात संपतं. मी भाजीपाल्यापुरतं वापरतो, शेवटी ते पण मातीतच जातं.

मुंबईच्या गच्चीवर हलकी शेती ही काही नवी गोष्ट नाही बरं का. कोल्हापूरच्या दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यातून माती घडवायचं तंत्र दिलं. वांद्र्याच्या डॉ. दोशींनी गच्चीवर उसाच्या चिपाडावर भाज्या-फळं घेतली, पिशव्यांत आणि ड्रमांत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. यांतल्या कुणाचंही काम पिशवी कुठल्या कंपनीची यावर अडलं नाही. पिशवीत काय भरलं याला महत्त्व होतं.

निवृत्तकाकांच्या वजनाच्या काळजीवर चिपाड हा रामबाण आहे. रसवंतीवाला आनंदाने देतो. घरी आणून धुवा, कडक वाळवा, नाहीतर उरलेल्या गोडीवर मुंग्यांची जत्रा भरते. पिशवीचा खालचा अर्धा भाग चिपाड आणि सुका पाला दाबून, वरचा अर्धा माती-खत. दोन-तीन महिन्यांत थर निम्म्यावर बसतो, तेव्हा वरून पुन्हा भर घालायची. ताजं चिपाड कुजताना नत्र खातं, म्हणून त्यात शेणखत किंवा निंबोळी पेंड मिसळा, नाहीतर पानं पिवळी पडतील.

कसारा_लोकल | २२ मे, संध्याकाळी ५:०५

रसवंतीवाला आमच्याकडे चिपाडाचे पैसे मागायला लागलाय. सेंद्रिय लोकांनी भाव वाढवले.

मालवणी_परसू | २३ मे, सकाळी १०:००

पारिजात, तुझ्या झाडांबद्दल कोणी बोललंच नाही, सगळे पिशवीतच अडकले.

हळद: डोळे झाकून फेल्टमध्ये. आत्ता लाव, पाऊस पडेपर्यंत कोंब वर येतील. तिला पाणी आवडतं, पण साचलेलं आवडत नाही, आणि जुलैत गच्चीवर फेल्टइतका निचरा कशाचाच होत नाही. नागपंचमीला पातोळ्यांसाठी पानं. जानेवारीत पानं वाळली की पिशवी आडवी करून पालथी घालायची, कुदळ नको की काही नको. पिशवी रुंद घे, उंच नको. कंद आडवे पसरतात.

आळू: फेल्टमध्ये अजिबात नको. त्याचे पाय कायम ओले हवेत. कसाराभाऊंचा रंगाचा डबा घे, भोकं न पाडता.

मिरची: गच्चीवर फेल्ट, ग्रीलमध्ये डबा.

मोगऱ्याचं जरा वेगळं. मोगरा नेमका मार्च ते मे फुलतो, म्हणजे फेल्ट सगळ्यांत तहानलेलं असतं तेव्हाच. कळ्या धरल्यावर पाणी चुकलं की गळतात. मी मोगरा मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवते. ती पण कडेने श्वास घेते, पण इतकी उधळी नाही.

टोमॅटोची घाई नको. भर पावसात करप्याने जातो. गणपतीच्या सुमारास बी टाक, फळं थंडीत.

कढीपत्त्याला १५ इंची तरी दे, तो दहा वर्षं राहणार आहे. आणि लक्षात ठेव, फेल्टमधून मोठं झाड काढता येत नाही, मुळं कापडात विणली जातात. पिशवी कात्रीने कापूनच काढायची.

अण्णा_लालबाग | २३ मे, रात्री ११:१०

उंदीर! सगळे शहाणे बोलले, उंदराचं कोणी बोललं नाही. आमच्या चाळीच्या गच्चीत फेल्ट कुरतडून आत बिळं केली मेल्यांनी, निंबोळी पेंड असूनही. हाडांचा चुरा आणि मोहरीची पेंड तर त्यांना आमंत्रणच. तळमजला आणि चाळवाल्यांनी पिशवीला खालून बारीक तारेची जाळी गुंडाळावी. सातव्या मजल्यावर उंदीर कमी, कबुतरं जास्त. ती नव्या मऊ मातीत बसकण मारतात. वरून काटक्या उभ्या खोचा.

तरीही घ्याच म्हणतो.

गोरेगावची_पारिजात | २४ मे, रात्री ९:५०

किती लिहिलंत सगळ्यांनी! ठरवलं ते असं: गच्चीवर फेल्टच्या १५ आणि १८ इंची मोजक्याच पिशव्या, चिपाड भरून, कठड्याच्या कडेने एका रांगेत, विटांवर. ग्रीलमध्ये फेल्ट नाहीच, तिथे हिरव्या एचडीपीईच्या दोन आणि मोगऱ्याला मातीची कुंडी. सहाव्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, कढीपत्ता देणार असाल तर गळू दे.

गोरेगावची_पारिजात | ९ जुलै, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतेय. पाऊस सुरू झाल्यापासून गच्चीवरची हळद झकास आहे, पाणी कुठेही साचत नाही. पण तीन प्रश्न. पिशव्यांच्या बाहेरून हिरवं शेवाळ धरलंय. मिरचीच्या पिशवीच्या बाहेर बारीक पांढरी मुळं लोंबताहेत, ती आपोआप छाटली जायला हवी होती ना? आणि मिरचीची खालची पानं फिकी पडायला लागलीत. रोग आहे का?

मुळाक्षर | ९ जुलै, रात्री ९:२०

रोग नाही, पाऊस आहे.

मूळ छाटलं जातं ते कोरड्या हवेने. जुलैत मुंबईची हवा कोरडी कुठे? कापड चोवीस तास ओलं, त्यामुळे मूळ निवांत बाहेर येतं. पिशव्या विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत. ती छाटणी आपल्याकडे साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंतच नीट होते. काही करू नका, पाऊस सरला की बाहेरची मुळं सुकतील. पिशवी भिंतीला टेकली असेल तर मात्र हातभर लांब करा.

शेवाळाने झाडाचं काही बिघडत नाही. फरशी निसरडी होते तेवढी सांभाळा.

फिकी पानं हे खत वाहून गेल्याचं लक्षण. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तुमच्या १५ इंची पिशवीच्या तोंडातून, १०० मिलिमीटरच्या एका दिवसात ११ लिटर पाणी आत जातं आणि ते सगळं खालून निघून जातं, जाताना नत्र घेऊन. शिवाय चिपाड अजून कुजतंय, तेही आपला वाटा ओढणार. एकदम भरपूर खत घातलं तर तेही वाहणार. दर आठ-दहा दिवसांनी पावसाची उघडीप बघून मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड, वरच्या मातीत खुरपून. रासायनिक चालत असेल तर सुफला १५-१५-१५ चे अर्धा चहाचा चमचा दाणे, खोडापासून लांब, महिन्यातून एकदा.

आणि ऑक्टोबरात कापडावर पांढरी पूड दिसली तर बुरशी समजून औषध मारू नका, ते खतातले क्षार आहेत. पालिकेचं पाणी तलावांचं, मऊ, त्याने फारसे क्षार चढत नाहीत. टँकर किंवा बोअरचं पाणी वापरलंत तर मात्र भराभर चढतात. तेव्हा एकदा भरपूर साधं पाणी ओतून धुऊन काढायचं.

ग्रीलमधलं_रान | १० जुलै, सकाळी ८:१५

पिशवीच्या कापडात पिंपळ उगवलाय का बघ. कोकीळ आणि बुलबुलांच्या कृपेने माझ्या दोन पिशव्यांच्या शिवणीत निघालेत. दोन पानांवर असतानाच उपट, नंतर कापड फाडूनच काढावा लागतो.

गोरेगावची_पारिजात | १० जुलै, सकाळी ८:४०

आत्ताच वर जाऊन पाहिलं. एक आहे! उपटला. पेंड आज घालते, दुपारी उघडीप दिसतेय.

पहिल्या_मजल्यावरून | १० जुलै, सकाळी ९:०५

सहाव्या मजल्यावरच्या काकूंना कढीपत्ता मिळाला का?

गोरेगावची_पारिजात | १० जुलै, सकाळी ९:१२

अजून दहाच पानं आहेत त्याला. पण मोजणं चालू आहे त्यांचं.